दोनदारी फ्रीजमध्ये बर्फ धरतो, फक्त दिसत नाही

एकदारी फ्रीजचं मी फार सांगत नाही, तो सगळ्यांनी पुसलेला आहे. फ्रीजरला अर्धा सेंटिमीटर बर्फ चढला की डीफ्रॉस्टचं, म्हणजे बर्फ वितळवायचं, बटण दाबायचं. बर्फ वितळला की बटण आपोआप बाहेर येतं. ट्रेमधलं पाणी तुळशीला. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या आपल्या भागात ते मोरीत ओतायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?

उलथन्यानं बर्फ खरवडणाऱ्यांना मात्र हात जोडतो. फ्रीजरच्या त्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. एक टोचा बसला की फ्रीजर गेला.

खरा घोळ दोनदारीचा, म्हणजे फ्रॉस्ट-फ्रीचा. दुकानात "यात बर्फच होत नाही" असं सांगतात आणि आपण ते धरून बसतो. बर्फ होतो. फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल असते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते. ठरावीक वेळानं हीटर लागतो, बर्फ वितळवतो, पाणी नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेनं उडून जातं. म्हणजे डीफ्रॉस्ट इथेही आहेच, फक्त तो तुम्हाला विचारून होत नाही.

म्हणून एकदारीत बर्फ दिसणं हा नेम, आणि दोनदारीत दिसणं हे दुखणं. पण लोक करतात उलटं: दोनदारीत बर्फ चढला तर "थंडी चांगली धरतो" म्हणून खूश होतात. वर दगडासारखा बर्फ आणि खाली दूध नासतंय, अशी वेळ आली की "गॅस संपला" म्हणून गॅस भरायला माणूस बोलावतात. अहो, गॅस काय स्टोव्हमधलं रॉकेल आहे का संपायला? तो बंद नळ्यांत फिरतो. गळती नसेल तर कमी होत नाही. माझ्याकडूनही एकदा असेच पैसे गेलेत. आता आधी हे करतो: प्लग काढायचा, सामान शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये, दारं उघडी, खाली जुनं लुगडं अंथरायचं, आणि चोवीस तास हात लावायचा नाही. परत लावल्यावर खाली चांगली थंडी आली आणि काही दिवसांनी पुन्हा तेच झालं, तर हीटर, सेन्सर नाहीतर टायमरच बघायला सांगा. गॅसचं नाव काढू देऊ नका.

बर्फ कुठं आहे तेही बघा. दाराच्या कडेला असेल तर रबर ढिलं. दारात दहाची नोट अडकवून ओढा, सहज सुटली तर तेच. फ्रीजरच्या तळाशी बर्फाची लादी किंवा भाजीच्या कप्प्यात पाणी असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. श्रावणातल्या दमट हवेत बर्फ जास्त चढतो. आपला कोरडा मे त्या मानानं बरा, बाकी कशाला बरा नसला तरी.

आणि मटारच्या पिशव्या मागच्या जाळीला चिकटवून कोंबू नका. एकदारीत चालून जातं, इथे पंख्याची हवा अडते.