काड्यांचा घन उभा का राहत नाही?

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या सातवीतल्या भाचीला शाळेने त्रिमितीय आकार करून आणायला सांगितले होते. तिने काड्यापेटीतल्या बारा काड्या घेतल्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेतले आणि घन जोडला. टेबलावर ठेवताच तो एका अंगावर कलला आणि सपाट झाला. "मामा, जोड ढिले झालेत. फेविक्विक आण!"

मी आणलं नाही. हा घन पडायलाच हवा.

काड्या आणि ट्यूबची ही युक्ती विज्ञान-खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची, १९७८ सालची, होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातली. काडीचं गूल खरवडायचं, ट्यूबच्या तुकड्याला बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं आणि तिथून आणखी एक काडी खुपसायची. जोड रबराचा असल्याने बिजागरीसारखा वळतो, आणि तेच तर हवं आहे. पुस्तकातला घन म्हणजे ६ पृष्ठे, १२ कडा, ८ शिरोबिंदू. मुलं ऑयलरचं सूत्र (शिरोबिंदू + पृष्ठे = कडा + २) म्हणून दाखवतात, ८ + ६ = १२ + २, आणि गुण घेऊन मोकळी होतात. कागदावर काढलेला घन कधीच पडत नाही, म्हणून हा प्रश्नच कुणाला सुचत नाही.

आता हिशोब करू. हवेत सुटा बिंदू कुठे आहे हे सांगायला तीन आकडे लागतात: पूर्व-पश्चिम किती, उत्तर-दक्षिण किती, उंची किती. म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूला तीन मोकळीका. एक काडी दोन बिंदूंमधलं अंतर पक्कं करते, म्हणजे एक मोकळीक काढून घेते. आकार पूर्ण ताठ झाला तरी सहा मोकळीका उरणारच, कारण अख्खी वस्तू तीन दिशांना सरकवता येते आणि तीन अक्षांभोवती फिरवता येते. म्हणून ताठ राहायला निदान '३ × शिरोबिंदू − ६' इतक्या काड्या हव्यात. मॅक्सवेलने १८६४ साली हा नियम मांडला. विद्युतचुंबकत्ववाला मॅक्सवेल, तोच.

घनाला २४ − ६ = १८ काड्या हव्यात, आहेत १२. सहा कमी. त्रिकोणी सूचीला १२ − ६ = ६ लागतात, आणि तिला कडा सहाच आहेत! भाचीने ती जोडून जमिनीवर आपटली. काही झालं नाही. मग घनाच्याच बारा काड्या सोडवून अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी पृष्ठांचा आकार केला. जोड सहाच, म्हणजे १८ − ६ = १२. काड्या त्याच, पण हा हलेना.

आणि चौकोनी सूची, म्हणजे पिरॅमिड? शिरोबिंदू ५, म्हणजे हव्यात ९ काड्या, आहेत ८. एक कमी, म्हणून हातात धरला की त्याचा चौकोनी पाया पिळवटतो. वास्तुदोष घालवायला तांब्याचे पिरॅमिड घेऊन घराच्या कोपऱ्यात ठेवणाऱ्यांनी आधी तो काड्यांचा करून बघावा. घर स्थिर करणाऱ्याला स्वतःला एक काडी कमी पडते. असे दोन पिरॅमिड पायाला पाया लावून जोडले की तोच अष्टफलक होतो, आणि तो मात्र ताठ. ऊर्जाबिर्जा काही नाही, सगळी पृष्ठे त्रिकोणी झाली एवढंच.

त्रिकोणांनी हे का साधतं? प्रत्येक त्रिकोणाला तीन कडा आणि प्रत्येक कड दोन त्रिकोणांत सामाईक, म्हणून ३ × पृष्ठे = २ × कडा. ऑयलरच्या सूत्रात पृष्ठांच्या जागी हे घातलं की कडा = ३ × शिरोबिंदू − ६ असं आपोआप येतं. बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत खळगा नसलेला आकार असेल तर तो खरोखरच ताठ असतो, याचा पाया गणितज्ञ कोशीने १८१३ साली घातला. आत खळगे असलेला, सगळी पृष्ठे त्रिकोणी असूनही हलणारा आकार मात्र गणितज्ञ रॉबर्ट कॉनेलीने १९७७ साली करून दाखवला. म्हणजे नुसती मोजणी पुरत नाही. पण सातवीला पुरते.

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला गेलात तर पत्र्याच्या शेडखाली मान वर करून बघा. छपराच्या कैचीत त्रिकोणच त्रिकोण दिसतील.

घनाचं काय झालं? प्रत्येक पृष्ठावर एक कर्ण, असे बरोबर सहा. पण कर्ण काडीच्या १.४१ पट लांब, म्हणून खराट्याचे हीर कापून घेतले. पाच लावले तरी घन एका बाजूने डुलत होता. सहावा खुपसल्यावर भाचीने त्यावर गणिताचं पुस्तक ठेवलं.