यार्ड अडतंय? रूळ वाढवण्याआधी हे वाचा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवरचं, म्हणजे फळीवर मांडलेल्या छोट्या रेल्वेवरचं, यार्ड (डबे उभे करायच्या लाइनी) अडायला लागलं की आमचे बहुतेक ग्राहक म्हणतात, "अजून दोन लाइनी टाकून द्या." आम्ही बहुधा उलटं सुचवतो : एक लाइन काढा आणि ती जागा शंटिंग नेकला, म्हणजे डबे ओढून बाहेर काढून जुळवायच्या लाइनीला द्या.

डबे उभे करायला जागा असते, पण ते ओढून बाहेर काढायला नसते. दुखणं खरं इथे आहे. नेक नसली की शंटिंगचं इंजिन डबे घेऊन थेट मेन लाइनवर येतं आणि कोराडीच्या वीजकेंद्राला निघालेली कोळशाची गाडी तिथेच खोळंबते. नेक म्हणजे यार्डाच्या तोंडाशी, मेन लाइनला हात न लावणारी स्वतंत्र लाइन. ती किती लांब हवी, याचं गणित सोपं आहे. खरी बॉक्सएन वॅगन (कोळशाचा उघडा डबा) सुमारे 10.7 मीटर लांब असते. 1:87 मापात, म्हणजे एचओमध्ये, ती साधारण 12 सेंमी भरते. आठ वॅगनचं यार्ड धरलं तर त्यांचे झाले जवळजवळ 100 सेंमी आणि डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाचे 20. म्हणजे नेक 120 सेंमी हवी. जागाच नसेल तर सहा वॅगनचं यार्ड करा, पण नेक सोडू नका.

डबे घसरतात ते बहुधा सांध्यावर, म्हणजे गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळते तिथे, पण दोष दर वेळी सांध्याचाच असतो असं नाही. डावं वळण संपता संपता उजवं सुरू झालं की लांब डबे एकमेकांना बाजूला ओढतात. मधे निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ ठेवा. आयसीएफ कोचसाठी (प्रवासी डब्यासाठी) तो 25 सेंमी होतो. शेजारच्या दोन रुळांच्या मध्यांत 50 मिमी अंतर असलं की घसरलेला डबा बोटांनी उचलता येतो. आणि कुठलाही सांधा हात पोचणार नाही इतका आत बसवू नका. यार्ड सपाटच हवं, नाहीतर सोडलेले डबे आपोआप चालू लागतात.

नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार आधीच करावा लागतो. थंडीत घट्ट जोडलेला रूळ मे महिन्यात मीटरमागे सुमारे अर्धा मिमी वाढतो. फट ठेवली नसेल तर तो वाकडा होतो. पावसाळ्यात साधा प्लायवूड ओल धरतो, म्हणून आम्ही फळीच्या दोन्ही बाजू आणि कडाही रंगवतो.

मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयातली इंजिनं पाहून कुणाला यार्डाच्या कडेला छोटी लाइन हवी असते. आम्हाला ही कल्पना फार आवडते. 762 मिमी गेजचं (दोन रुळांमधल्या अंतराचं) 1:87 माप 8.8 मिमी येतं, म्हणजे एन स्केलचा, एचओपेक्षा लहान मापाच्या मॉडेलचा, 9 मिमी रूळ इथे चालून जातो.

तुमच्या घरी आल्यावर आम्ही लगेच काही उखडत नाही. आधी अर्धा तास तुम्हीच शंटिंग करा. गाडी कुठे अडते ते आम्ही बघतो. मग मॉडेलच्या सांध्यांच्याच मापाचे कागद कापून फळीवर मांडतो आणि त्यावर डबे ठेवून पाहतो. हे पटलं तरच जुना रूळ निघतो. फेव्हिकॉलने चिकटवलेली खडी गरम पाण्याने भिजवली की सुटते, त्यामुळे जुने सांधे बहुधा पुन्हा वापरता येतात.

आम्ही येण्याआधी एवढं करून ठेवा : सर्वांत लांब गाडीची लांबी मोजा, आणि डबा जिथे घसरतो तिथे प्रत्येक वेळी खडूने खूण करा.