म्हाकुळासाठी हलका रॉड घ्यायचा, पण हलका नेमका कुठं?

सोलापुरातनं समुद्र गाठायचा म्हटलं की सांगली, कोल्हापूर करत रत्नागिरीपर्यंत अख्खा दिवस जातो, तरी आपल्याकडं गळाचा नाद असलेले लोक काही कमी नाहीत. उजनीच्या बॅकवॉटरला चिलापी, रोहू, कटल्यासाठी ठाण मांडून बसणारे तर विचारूच नका. यातले काही जण आता कोकणात जाताना म्हाकूळ, म्हणजे स्क्विड, धरायचा म्हणून वेगळा रॉड शोधायला लागलेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, सगळ्यात हलका कुठला? दुकानदार लेबल दाखवतो, ९० ग्रॅम, ११० ग्रॅम, आणि आपण कमी आकड्याला भुलतो. आता तो आकडा खोटा नसतो, पण तो अर्धीच गोष्ट सांगतो. वजन रॉडवर कुठं बसलंय ते लेबलवर कुणी छापत नाही आणि हात दुखणार की नाही ते त्यावरच ठरतं.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण विचारणारे विचारतात. उजनीत म्हाकूळ मिळणार नाही. म्हाकूळ, कटलफिश, ऑक्टोपस या अख्ख्या खानदानातली एकही जात गोड्या पाण्यात राहत नाही. हिप्परग्याच्या तलावावर फार तर फेकायची प्रॅक्टिस होईल, तीसुद्धा मासेमारीचा ठेका ज्याच्याकडं असेल त्याला विचारून.

तर उजनीवर आपण रॉड वापरतो कसा? कणकेचा गोळा, शिसं, जोरात फेकलं, रॉड स्टँडला टेकवला, घंटी अडकवली आणि चहा. रॉड हातात असतोच किती वेळ, त्यामुळं जाड फायबरग्लासचा दणकट रॉड तिथं मस्त चालतो, कुणी त्याच्यावरनं मोटारसायकल घातली तरी वाचेल असा. म्हाकुळाचं सगळं उलट. तिथं चारा नसतोच, कोळंबीसारखा दिसणारा नकली जिग असतो, जपानी लोक त्याला एगी म्हणतात. अंगावर कापड गुंडाळलेलं, हनुवटीखाली शिशाचा तुकडा आणि शेपटीकडं सुयांची गोल चक्री. ३.५ नंबरचा जिग साधारण साडेदहा सेंटीमीटर लांब आणि २० ग्रॅमच्या आसपास, ३ नंबरचा ९ सेंटीमीटर आणि १५ ग्रॅमच्या आसपास. तो फेकायचा, बुडू द्यायचा, साध्या जिगला एक मीटर खाली जायला तीन-साडेतीन सेकंद लागतात, मग रॉडनं दोन-तीन कडक झटके द्यायचे की तो दचकलेल्या कोळंबीसारखा वर उडतो, आणि परत बुडू द्यायचा, परत झटके, परत बुडू द्यायचा, असं अंधार पडेपर्यंत आणि अंधार पडल्यावरसुद्धा. रॉड टेकवायची सोयच नाही. तासाभरात मनगट शेकडो वेळा झटकलं जातं, म्हणून इथं हलकेपणाला किंमत आहे, उजनीवर नव्हती.

आता गणित बघा, अवघड नाही. एखादी वस्तू फिरवायला किती जोर लागतो ते तिच्या वजनावर ठरतं आणि ते वजन फिरायच्या जागेपासून किती लांब आहे त्या अंतराच्या वर्गावर ठरतं. वर्गावर, हे विसरू नका. समजा मनगटापासून रॉडची टिप २.२ मीटर लांब आहे. टिपवर १० ग्रॅम जास्तीचे असतील तर फिरवताना ते किती नडतील, आणि तेच १० ग्रॅम दोरी गुंडाळायच्या रीलजवळ म्हणजे हातापासून २० सेंटीमीटरवर असतील तर किती नडतील? अंतरात ११ पटीचा फरक, म्हणून त्रासात १२१ पटीचा. म्हणजे रीलजवळचे १० ग्रॅम जाणवणार पण नाहीत आणि टिपचे १० ग्रॅम संध्याकाळपर्यंत मनगट सुजवतील. त्यामुळं ९० ग्रॅमचा पण टिपला जड गाईड (दोरी ओवायच्या कड्या) लावलेला रॉड हा ११० ग्रॅमच्या नाजूक टिपच्या रॉडपेक्षा हाताला जड वाटू शकतो, लेबल काहीही म्हणू दे.

काही कंपन्या आणि काही हौशी लोक मुठीच्या मागच्या टोकाला वजन लावून रॉड बॅलन्स करतात. रॉड नुसता धरून उभं राहायचं असेल तर त्यानं बरं वाटतं, टिप खाली ओढत नाही. पण झटका द्यायला लागणारा जोर त्यानं कमी होत नाही, उलट कणभर वाढतोच. बॅलन्स वेगळा आणि झटक्याचा हलकेपणा वेगळा, दुकानात ही गल्लत फार होते.

लांबीचंही तसंच. जेट्टीवरनं किंवा खडकावरनं म्हाकुळासाठी आठ ते साडेआठ फुटी, म्हणजे २.४ ते २.६ मीटरचे रॉड चालतात. वजन सारखंच आहे असं धरलं तरी २.४ चा २.६ केला की फिरवायचा त्रास १७ टक्के वाढतो, आणि लांब रॉड थोडा जड असणारच त्यामुळं प्रत्यक्षात जास्तच. लांब रॉड लांब फेकतो हे खरं, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला मी आठ फुटीच सांगेन.

मग रॉड कशाचा? इथं आपल्या सोलापूरकरांना शिकवायची फारशी गरज पडू नये, कारण कार्बनचा रॉड म्हणजे मुळात सूत आणि त्याची दिशा. कार्बनचे अगदी बारीक तंतू एका दिशेनं मांडून त्यात इपॉक्सी नावाचा चिकट रेझिन मुरवलेला असतो, त्याचे पत्रे येतात. ते पत्रे कापायचे, निमुळत्या लोखंडी गजाभोवती घट्ट गुंडाळायचे, वरनं टेप आवळायची, भट्टीत भाजायचं, मग गज ओढून काढायचा की आत पोकळ नळी राहिली, हाच रॉडचा ब्लँक. यातले बहुतेक तंतू रॉडच्या लांबीला धरून असतात, ताण्यासारखे, वाकवताना जोर तेच सोसतात. पण नुसता ताणा असून भागत नाही. पातळ नळी वाकवली की ती गोल राहत नाही, चपटी व्हायला लागते आणि चपटी झाली की एका क्षणात मोडते. ते होऊ नये म्हणून काही तंतू नळीभोवती आडवे फिरवतात, तो झाला बाणा, आणि चांगल्या रॉडमध्ये तिरके तंतूपण असतात, ते पीळ अडवतात. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर काम केलेल्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. स्वस्त रॉडात कार्बन असतो, पण बाण्याची आणि तिरक्या तंतूंची काटकसर असते, आणि ती बाहेरनं दिसत नाही.

कार्बनच का, तर ताठपणा आणि वजन यांच्या हिशोबात तो फार पुढं आहे. रॉडमधल्या साध्या कार्बन तंतूचा ताठपणा साधारण २३० गिगापास्कल आणि घनता १.८, काचेच्या तंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, ताठपणा ७२ आणि घनता २.५५. भागाकार करा, तेवढ्याच वजनात कार्बन साडेचार पट ताठ निघतो. गंमत म्हणजे हाच भागाकार पोलादाचा केला तर तो काचेच्या तंतूच्या जवळपास येतो. फेनविक या अमेरिकन कंपनीनं १९७३ मध्ये कार्बनचा रॉड बाजारात आणला आणि त्यानंतर फायबरग्लास हळूहळू स्टँडवरच्या कामाला उरला.

आणि इथंच लोक फसतात ते टनच्या आकड्यात. २४ टन, ३० टन, ४० टन असं छापलेलं असतं, ते तंतूच्या ताठपणाचं माप आहे, ताकदीचं नाही. ४० टनचा तंतू जास्त ताठ, म्हणून कमी माल लागतो, म्हणून नळी पातळ आणि हलकी. पण तोच तंतू मोडायच्या आधी कमी ताणला जातो, शिवाय भिंत पातळ, खडकावर टक्कन आपटला की वर ओरखडासुद्धा दिसत नाही आणि पुढच्या फेकीला दोन तुकडे. आपण वर्षातनं एखाद-दोन वेळा कोकणात जाणार, एसटीच्या टपावर नाहीतर डिकीत टाकून, तर कशाला ४० टनच्या मागं लागायचं? २४ किंवा ३० टनचा, नीट गुंडाळलेला रॉड घ्या. जे पैसे वाचतील ते हलक्या गाईडवर जाऊ देत, कारण वरचं १२१ पटीचं गणित गाईडलाच लागू होतं. टिपकडचे गाईड बारीक, फ्रेम पातळ आणि रिंग गुळगुळीत हवी.

आता म्हाकुळाकडं वळू, कारण टिप किती मऊ हवी ते त्याच्या अंगावर ठरतं. त्याला आठ हात आणि दोन लांब सोंडा असतात. शिकार टप्प्यात आली की त्या दोन सोंडा २० ते ४० मिलिसेकंदात सुटतात, आपली पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण दोरीवर त्याचा दणका बसत नाही, चिलापी कशी टकटक करते तसं काही नाही. जिग बुडत असताना तो येऊन अलगद धरतो, आणि वर आपल्याला एवढंच कळतं की दोरी मध्येच ढिली पडली किंवा टिप बोटभर वाकली. ताठ टिपवर हे कळतच नाही. त्याचे डोळे तगडे असतात पण बहुतेक जातींना रंग ओळखता येत नाहीत, उजेड आणि आकार मात्र बारीक कळतो, त्यामुळं दुकानातली ती रंगीबेरंगी जिगांची भिंत निम्मी तरी आपल्यासाठीच असते असं माझं मत. गढूळ पाण्यात त्याला दिसणार नाही आणि तुम्हाला तो मिळणार नाही, म्हणून पावसाळ्यानंतर पाणी निवळलं की मगच जावं.

जिगच्या सुयांना उलटा दात नसतो हे सगळ्यात महत्त्वाचं. दोरी क्षणभर ढिली सोडली की म्हाकूळ सुटला, आणि जोरात ओढलं की मऊ सोंड तुटून एकटी वर येते. शिवाय त्याची ओढ एकसारखी नसते. तो अंगाची पिशवी आवळून पाणी मागं फेकतो आणि झेप घेतो, मग पिशवी भरायला थांबतो, परत झेप. ती अख्खी पिशवी एकाच वेळी आवळली जावी म्हणून त्याच्यात अवाढव्य मज्जातंतू असतात, मोठ्या म्हाकुळात त्यातला सगळ्यात जाड जवळजवळ एक मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्याला दिसणारा. त्याच्यात तार घालून हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी मज्जातंतूतला संदेश विजेनं कसा धावतो ते मांडलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. आपल्या कामाचं यातलं एवढंच की रॉडला झेपेच्या वेळी वाकून द्यायचंय आणि थांबण्याच्या वेळी लगेच सरळ होऊन दोरी ताणून धरायचीय. म्हणजे अंग ताठ, झटक्याला, आणि वरचा पाव भाग मऊ. हे दोन्ही एकाच रॉडमध्ये बसवणं हेच कारागिराचं कसब.

दुकानात कसं बघायचं? नुसता रॉड हातात घेऊन वा वा करू नका, ज्या साईजचं रील लावणार, बहुतेक २५०० नंबरचं, तेच बसवून घ्या. मग मनगटानं एक छोटा झटका द्या आणि थांबा. टिप किती वेळ डुलत राहते ते बघा. वजन कमी आणि ताठपणा पुरेसा असेल तर ती पटकन शांत होते. डुलतच राहिली तर फेकताना दोरी गाईडवर आपटत जाणार आणि जिग जवळच पडणार. एवढी एकच परीक्षा मी टनच्या आकड्यापेक्षा जास्त मानतो. लेबलवर किती ग्रॅमचा जिग चालेल ते पण बघून घ्या, आपला जिग त्या पट्ट्याच्या मधोमध यावा.

दोरी पीई, म्हणजे पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली, घ्यायची, ०.६ किंवा ०.८ नंबर. पीईचा १ नंबर म्हणजे २०० डेनियर, आणि डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, हे इथल्या कुठल्याही सूत व्यापाऱ्याला पाठ. म्हणजे ०.६ नंबर झाला १२० डेनियर, आणि १५० मीटर दोरीचं वजन फक्त २ ग्रॅम! ती जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळं मनगटाचा झटका जिगपर्यंत जसाच्या तसा पोचतो. नायलॉन तुटायच्या आधी २०-३० टक्के ताणतं, निम्मा झटका त्यातच मुरतो. पीई दगडाला घासली की मात्र लगेच जाते, म्हणून पुढं मीटर-दीड मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि जिगच्या मधला चिवट तुकडा, बांधायचाच.

म्हाकूळ जवळ आला की रॉड उभा करून डोक्याच्या मागं नेऊ नका, रॉड मोडतात ते बहुतेक तिथंच, कारण सगळा बाक टिपच्या वीतभर भागात गोळा होतो. जाळी घाला खाली. आणि त्याची शाई पाण्यातच सुटू द्या आधी.

एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नका. कार्बन वीज वाहतो. फायबरग्लास घेऊन उजनीवर तारांखालनं जायची सवय असेल तर ती कार्बनच्या रॉडसोबत चालणार नाही, जेट्टीवरच्या दिव्यांच्या तारा असोत की शेतातनं तळ्याकडं जाताना डोक्यावरची लाईन. वळवाचं आभाळ भरून आलं की रॉडचे तुकडे वेगळे करून आडवे ठेवायचे आणि पाण्याजवळनं निघायचं, मासा लागलेला असला तरी.

परत आल्यावर रॉड आणि रील गोड्या पाण्यानं धुवा, उजनीवर कुणी धुत नाही म्हणून इथं विसरतं. कार्बनला मिठाचं काही होत नाही, पण गाईडच्या फ्रेमला आणि रीलच्या बेअरिंगला होतं, आणि पार सोलापूरपर्यंतच्या प्रवासात ते मीठ तिथंच बसून काम करत असतं.