झोळी कलंडत नाही, मग स्ट्रेचर का कलंडतं?

आमच्या बेळगावच्या गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी खणलेली चर नुसती माती लोटून बुजवली होती. शेजारच्या अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, १०८ ला फोन गेला. गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढचा रस्ता स्ट्रेचरचा. गाडीबरोबरची दोन्ही मुलं चाकांच्या स्ट्रेचरची उंची कमी ठेवून, अर्धवट वाकून ते ढकलत होती. जमलेल्यांना ते काही बघवेना. "वर करा की हो, कंबर मोडंल तुमची!" शेवटी कुणीतरी पुढे होऊन ते वर करायला लावलंच. चरीशी आल्यावर मागून कुणीतरी वळवायला म्हणून आडवं ढकललं, एका बाजूची चाकं मातीत रुतली आणि अण्णांसकट स्ट्रेचर कललं. चार हात लागले म्हणून निभावलं.

वर केलं की ढकलायला सोपं, हे खरं. पण त्याबरोबर पडायलाही सोपं होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

आठवी-नववीतला गुरुत्वमध्य आठवा. वस्तूचं सगळं वजन जणू एकवटलेला बिंदू. त्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा चाकांच्या चौकटीच्या आत पडतो, तोवर वस्तू उभी. ओळंबा चौकटीबाहेर गेला की खेळ खलास. चिकोडी-अथणीकडे हंगामात रस्त्याकडेला उलटलेली उसाची ट्रॉली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तीच ट्रॉली रिकामी असताना त्याच खड्ड्यातून खुशाल जाते.

आता थोडं गणित. ज्यांना नको त्यांनी एक परिच्छेद सोडावा, मला मात्र राहवत नाही. समजा स्ट्रेचरच्या डाव्या-उजव्या चाकांत ५० सेंटीमीटर अंतर आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २५. वर केलेल्या स्ट्रेचरचा पेशंटसकट गुरुत्वमध्य जमिनीपासून ८० सेंटीमीटरवर धरू, खाली केलेल्याचा ४० वर. उंच स्ट्रेचर साधारण १७ अंश कललं की गेलं. खालचं ३२ अंशांपर्यंत तग धरतं. पण खरी गंमत पुढे आहे. कलंडायचं म्हणजे गुरुत्वमध्याला कडेच्या चाकावरून, कमानीसारखी वाट घेत पलीकडे जावं लागतं. त्या कमानीच्या माथ्यावर पोचायला त्याला किती वर चढावं लागतं? पायथागोरस लावा. उंच स्ट्रेचरला जेमतेम ४ सेंटीमीटर, खालच्याला ७. हा चढ म्हणजेच आपली सुरक्षिततेची भिंत. आडवं सरकणारं स्ट्रेचर चरीला अडलं की त्याचा वेग त्याला ही भिंत चढवतो. सगळं वस्तुमान गुरुत्वमध्यातच आहे असं मानलं, तर उंच स्ट्रेचरला ताशी सव्वातीन किलोमीटर वेग पुरतो. ही तर देवळाला प्रदक्षिणा घालण्याची चाल! खालच्याला ताशी पाच लागतो, म्हणजे चांगली झपझप चाल. लांबीच्या दिशेने मात्र मध्यापासून चाकं ६० सेंटीमीटरवर असली, तर उंच ठेवूनही भिंत २० सेंटीमीटरची होते. म्हणूनच स्ट्रेचर नेहमी लांबीच्या दिशेने न्यायचं, एक जण डोक्याशी, एक पायाशी. चारही चाकं कुठल्याही दिशेला वळणारी असली तरी आडवं सरकवण्याचा मोह धरायचा नाही.

याच्या उलट आपली जुनी झोळी. खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या गावांतून आजारी माणसाला बांबूला घोंगडं किंवा चादर बांधून खांद्यावरून नेतात. त्यात पेशंट आधाराच्या खाली लटकतो. हेलकावा बसला की गुरुत्वमध्य वर चढतो आणि आपणहून खाली येतो, घड्याळाच्या लंबकासारखा. स्ट्रेचर म्हणजे हाच लंबक उलटा उभा केलेला. त्यामुळे झोळी कलंडत नाही. पण म्हणून तिचे गोडवे गायला नकोत. तिच्यात पाठ धनुष्यासारखी वाकते, मणक्याला मार लागलेल्याला ती घातक, आणि धाप लागलेला माणूस तिच्यात आणखी घुसमटतो.

पेशंटला स्ट्रेचरवर बांधायच्या पट्ट्यांचं कारणही तेच. "बांधून कशाला ठेवता, चोर आहेत का ते?" हे अण्णांच्या घरीही ऐकलं. पेशंट घाबरून उठून बसला की गुरुत्वमध्य वर जातो, एका अंगाला झुकला की कडेकडे सरकतो. छाती, कंबर आणि पाय एवढं आवळून भागत नाही. खांद्यावरचे पट्टेही हवेत, कारण गाडीत पेशंटचं डोकं पुढच्या बाजूला असतं आणि ब्रेक लागला की अंग डोक्याच्या दिशेनेच सरकतं.

त्या दिवशी जमलेल्यांतल्या एका मावशींची तक्रार निराळीच होती. "पाय पुढं करून मढं नेतात, डोकं पुढं करा!" सपाटीवर पाय पुढे ठेवून नेतात, कारण पेशंटला समोरचं दिसतं आणि डोक्याशी असलेल्याची नजर त्याच्या चेहऱ्यावर, श्वासावर राहते. गाडीत चढवताना डोकंच आधी जातं. यमाला दिशा कळत असती, तर गाडीच्या दाराशी तोही गोंधळला असता.

बॅटरीवर वर-खाली होणाऱ्या स्ट्रेचरचंही हल्ली फार कौतुक होतं. उचलणाऱ्याची कंबर ते वाचवतं, यात वाद नाही. ५० सेंटीमीटर लांब धरलेलं २० किलो वजन पाठीच्या स्नायूंना जवळपास २०० किलोएवढं पडतं, कारण मणक्यापाशी त्या स्नायूंना तरफ मिळते ती पाचेक सेंटीमीटरची. पण बॅटरी आहे म्हणून कलंडणार नाही, असं काही नाही. ओळंबा बॅटरी बघत नाही.

अण्णा दवाखान्यात पोचले, तेव्हा नर्सबाईंनी आधी चाकांचे ब्रेक पायाने दाबून पाहिले, मग स्ट्रेचरची उंची खाटेच्या बरोबरीला आणली, आणि चौघांनी चादरीचे काठ गुंडाळून घट्ट धरले. "एक, दोन, तीन." अण्णा उचलले गेलेच नाहीत, सरकले. गुरुत्वमध्य एक सेंटीमीटरही वर गेला नाही.