रोहू की मृगळ? तोंड बघा

"मावशी, हा रोहू ना?"
"रोहूच घे, बाळा."

ठाण्याच्या बाजारात असा घेतलेला रोहू घरी येऊन मृगळ निघतो. दोघेही लांबट, दोघांचीही खवलं मोठी, दोघेही एकाच टोपलीत. आपल्याला पापलेट-बोंबील झोपेतही ओळखता येतात, पण गोड्या पाण्यातला मासा म्हटला की सगळाच 'रोहू'.

रंगावर जाऊ नका. रोहूला तांबूस झाक, मृगळ रुपेरी, हे ताज्या माशाबद्दल ठीक. बर्फात चार तास पडल्यावर कशाची झाक राहतेय! माशाचं तोंड उघडून बघा. रोहूचे ओठ जाड, खालच्याला बोटाला लागेल अशी झालर. मृगळाचे ओठ पातळ, झालर नाही, तोंड रुंद आणि वरचा भाग बोथट.

धरणावर परवानगी काढून गळ टाकणाऱ्यालाही हेच तोंड उपयोगी पडतं, कारण जसं तोंड तसं खाणं. मृगळ तळातला गाळ, कुजका पालापाचोळा खातो. त्यासाठी तंगूसाला (गळाच्या दोरीला) शिसं लावून गळ तळाला टेकवावा. रोहू मधल्या थरात फिरतो, त्याला तरंगत्या बुचाखाली अधांतरी लटकणारा गळ बरा. कणकेचा गोळा दोघांना चालतो. मी पहिल्या खेपेला रोहूच्या आशेने गळ थेट तळाला सोडला आणि दिवसभर फक्त मृगळ काढले. तिसरा भाऊ कटला पृष्ठभागाजवळ चरतो. त्याचं थोराड डोकं आणि वर वळलेला जबडा बघून गोंधळ होतच नाही. एका पाण्यात तिघांच्या तीन पंगती, म्हणून तळ्यात बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडताना कटला, रोहू, मृगळ ४:३:३ असं प्रमाण धरतात.

तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी हवं. साठलेल्या तळ्यात ते वाढतात, वीण होत नाही. १९५७ साली ओडिशातल्या अंगुळला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-मृगळाच्या कुळातल्या) माशाला अंडी घालायला लावलं, तिथून हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) पिल्लं तयार करण्याची वाट मोकळी झाली.

बाजारात एकच सांभाळा: डोकं उडवून तुकडे केलेला मासा ओळखता येत नाही. कोयता पडायच्या आधी ओठ बघून घ्या.