बाओच्या पोटात काय?

२८ डिसेंबर २०१३. बीजिंगमधल्या चिंगफंग या बाओच्या, म्हणजे वाफवलेल्या भरल्या पावाच्या, दुकानात जेवणाच्या वेळेची नेहमीची गर्दी. रांगेतल्या एका गृहस्थांनी काउंटरवर २१ युआन मोजले, ताट स्वतःच उचललं आणि एका टेबलाशी जाऊन बसले. ताटात डुकराचं मांस आणि कांद्याची पात भरलेले सहा बाओ, काळजाचं दाट कालवण आणि एक बशी मोहरीचा पाला. गृहस्थ म्हणजे चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग. फोटो पाहता पाहता देशभर फिरले, आणि पुढे कित्येक दिवस लोक त्या शाखेत येऊन ‘अध्यक्षांचं ताट’ मागत राहिले.

पुढारी लोकांमध्ये मिसळतो हे दाखवायला जागा अचूक निवडली होती. वाफवलेला भरला बाओ हे उत्तर चीनमधलं रोजचं, स्वस्त, उभ्या उभ्याही उरकता येणारं खाणं. पण मला त्या निवडीत आणखी एक गोष्ट दिसते. बाओ बंद असतो. आत काय भरलंय ते चावा घेईपर्यंत कळत नाही. म्हणून बाओ खाणं म्हणजे दुकानदारावर विश्वास टाकणं, आणि या दुकानांच्या सतराशे वर्षांच्या इतिहासात हा विश्वासाचा मामला सारखा डोकं वर काढतो.

सुरुवात गव्हापासून करावी लागते, कारण गहू मूळचा चीनचा नव्हे. तो पश्चिम आशियातून चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे पोचला आणि बराच काळ राळा-वरीच्या मागेच राहिला. तो अख्खाच शिजवून खात. अख्खा गहू नुसता शिजवून खाऊन पाहा, त्याचं कुणाला फारसं कौतुक का नव्हतं ते कळेल. हान राजवटीत (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) फिरतं दगडी जातं सर्वत्र पसरलं, पीठ हाताशी आलं आणि चित्र पालटलं. पश्चिमेकडे पिठाबरोबर भट्टी होती. चीनमध्ये तळाला भोकं पाडलेली मातीची वाफवण्याची भांडी नवाश्मयुगापासून वापरात होती. पीठ नवं, चूल जुनी. रोटी भाजण्याची रीत तिथेही आली, पण पाव भट्टीत न जाता वाफेवर चढला तो यामुळे.

हे पीठ आंबवलेलं असे याचा एक मजेदार पुरावा जिन राजवटीच्या इतिहासात आहे. इ.स. २७८ मध्ये वारलेला ‘हे त्संग’ नावाचा मंत्री खाण्याच्या बाबतीत भलताच चोखंदळ. वाफवलेली रोटी वरून फुलीसारखी उकललेली नसेल तर तो तिला हात लावत नसे. पीठ चांगलं फुगलं, आतला वायू जोराने सुटला, तरच वरची पारी अशी तडकते. म्हणजे हा गृहस्थ नखरे करत नव्हता, पीठ नीट आलंय का याची परीक्षा घेत होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत, इ.स. ३०० च्या सुमारास, शू शी नावाच्या विद्वानाने पिठाच्या पदार्थांवर लांबलचक काव्य रचलं. त्यात ‘मान्तोऊ’ हा शब्द येतो (तेव्हा भरलेल्या बाओचंच हे नाव), आणि तो वसंताच्या सुरुवातीला खावा अशी शिफारसही. वाफेचा दरवळ पसरला की वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या वाटसरूंच्या तोंडाला पाणी सुटतं आणि पोरसवदा नोकर तिरक्या नजरेने बघत नुसतीच हवा चघळतात, असं वर्णन तो करतो. बाओच्या दुकानासमोर कधी उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

लोकांच्या तोंडी मात्र मान्तोऊचा जन्म वेगळाच आहे. इ.स. २२५ मध्ये सेनानी झुगे ल्यांग दक्षिणेची मोहीम आटोपून परतत होता. वाटेत नदी ओलांडायची तर देवतेला माणसांची मुंडकी वाहावी लागतील, असं स्थानिकांनी सांगितलं. त्याने कणकेचे गोळे करून आत मांस भरलं, त्यांना मुंडक्यांचा आकार दिला आणि नैवेद्य दाखवला. देवता फसली, सैन्य पार झालं. ही कथा लिहिलेली सापडते ती आठशेहून अधिक वर्षांनंतर, सोंग राजवटीच्या काळात, त्यामुळे इतिहास म्हणून ती कच्चीच. तरी गंमत पाहा: पहिलाच बाओ, आणि त्याच्या पोटात काय आहे याबद्दल गिऱ्हाईकाला बनवलेलं!

बाहेर जेवण्याची खरी चैन सुरू झाली ती उत्तर सोंगांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या काइफंगमध्ये. त्याआधीच्या तांग राजवटीच्या राजधानीत रात्री मोहल्ल्यांचे दरवाजे बंद होत. इथे ९६५ मध्ये रात्रीच्या तिसऱ्या प्रहरापर्यंत (चीनमध्ये रात्रीचे पाच प्रहर; तिसरा मध्यरात्रीचा, पाचवा पहाटेचा) बाजार चालू ठेवायची मुभा मिळाली आणि पुढे वेळेचं बंधन जवळपास उरलंच नाही. ११२७ मध्ये ईशान्येकडून आलेल्या जुर्चेन लोकांनी शहर घेतलं. तिथून दक्षिणेला पळून आलेल्या मंग युआनलाओने वीस वर्षांनी, ११४७ मध्ये, आठवणी लिहून काढल्या. आठवणी कसल्या, खाण्याच्या दुकानांची वहीच ती. रात्रीचा बाजार तिसऱ्या प्रहराच्या अखेरीस मिटायचा आणि पाचव्या प्रहराला पुन्हा उघडायचा. रोट्यांच्या दुकानांत एकेका पाटाशी तिघं ते पाच जण लाटायला आणि नक्षी काढायला, मोठ्या दुकानांत पन्नासवर भट्ट्या, आणि पहाटे पाटांवरची आदळआपट दूरवर ऐकू यायची.

दुकानांची नावं तर वाचत राहावीत अशी. वांगवाल्यांचे प्लमच्या फुलाच्या नावाचे बाओझी, लू घराण्याचे बाओझी, ‘त्साओ आजी’च्या मांसाच्या रोट्या, आणि सुन आडनावाच्या एकाचे मान्तोऊ, ज्याचं टोपणनावच ‘सिद्धहस्त’. बहुतेक नावांत माणूस किंवा घराणं. लाखो लोकांच्या शहरात आतलं सारण कुणाचं, हे कळायला नावाखेरीज दुसरं साधन नव्हतं.

त्या काळात बाओझी आणि मान्तोऊ हे दोन्ही शब्द सारण भरलेल्या पदार्थालाच चालत. पुढे उत्तरेत वाटणी झाली: मान्तोऊ म्हणजे कोरा, सारणाविना, बाओझी म्हणजे भरलेला. शांघायच्या बाजूला जुना अर्थ टिकला. तिथे आजही रसाने भरलेल्या बाओच्या एका प्रसिद्ध दुकानाच्या पाटीवर ‘नानश्यांग मान्तोऊ’ असंच लिहिलेलं आहे, आणि उत्तरेकडचा पाहुणा पहिल्यांदा आला की हमखास गोंधळतो.

विश्वासाची काळी बाजूही याच परंपरेतली. चिनी बंडखोरांच्या अभिजात कादंबरीत क्रॉसरोडवरच्या एका खाणावळीची मालकीण वाटसरूंना गुंगीचं औषध देते आणि त्यांचंच मांस मान्तोऊत भरते. ही भीती किती मुरलेली आहे याचा प्रत्यय जुलै २००७ मध्ये आला. बीजिंगच्या एका टीव्ही वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली बातमी दाखवली: कॉस्टिक सोड्यात भिजवलेला पुठ्ठा मांसात मिसळून बाओमध्ये भरला जातो. शहर हादरलं. काही दिवसांत उघड झालं की बातमी वार्ताहरानेच रचली होती, आणि त्याला एक वर्षाची कैद झाली. पण इतक्या लोकांना ती क्षणात खरी वाटली, यातच सगळं आलं.

उरलेली कथा नाव कमावण्याची. तिआनजिनमध्ये १८५८ मध्ये काओ क्वेइयोऊ या तरुणाने बाओ विकायला सुरुवात केली असं सांगतात. लहानपणी त्याला लाडाने ‘कुत्रू’ म्हणत. धंदा इतका वाढला की गिऱ्हाइकाशी बोलायला त्याला उसंत मिळेना. लोक म्हणू लागले, ‘कुत्रू बाओ विकतो, पण लक्ष देत नाही’. त्यातून ‘गोउबुली’ हे नाव पडलं. बाओच्या माथ्यावर अठरापेक्षा कमी चुण्या चालणार नाहीत, हा तिथला दंडक. चुण्या मोजता येतात, सारण मोजता येत नाही. तेव्हा बाहेरच्या निगुतीवरून आतल्याचा अंदाज.

दक्षिणेला, ग्वांगझौ आणि हाँगकाँगच्या चहागृहांत, याच्या उलट तऱ्हा. ‘याम चा’ म्हणजे चहा पिणं; खाणं म्हणे नुसतं जोडीला. तिथला भाजलेल्या गोडसर डुकराच्या मांसाचा चार सिउ बाओ मुद्दाम माथ्यावर फुटलेला हवा. त्यासाठी कमी चिकटीचा मैदा, भरपूर साखर आणि वाफ लागताच झपाट्याने वायू सोडणारा अमोनियम बायकार्बोनेट घालतात. तोंड किंचित उघडतं, लालसर सारण डोकावतं. जिन राजवटीतल्या त्या चोखंदळ ‘हे त्संग’ला तो आवडला असता. चिवाच्या टोपल्यांचंही कारण आहे: धातूच्या झाकणावर साचलेलं पाणी थेंबाथेंबाने बाओवर पडतं आणि तिथे पारी चिकट, काळपट होते, विणलेलं झाकण वाफ शोषून बाहेर सोडतं.

शांघायजवळच्या नानश्यांगच्या शाओलोंगबाओमध्ये तर पातळ रस्साच बंद केलेला. युक्ती साधी आहे. डुकराच्या कातडीचा अर्क थंड करून त्याची वडी थिजवायची, बारीक चिरून खिम्यात मिसळायची. वाफेत ती वितळते. खाताना घाई करू नये. माथ्याला धरून अलगद उचलायचा, चमच्यात ठेवायचा, बाजूला दाताने लहानसं भोक पाडायचं, रस्सा चोखून घ्यायचा, मग उरलेला तोंडात. सगळा एकदम तोंडात टाकणाऱ्याची जीभ दोन दिवस त्याची आठवण ठेवते.

समुद्रापलीकडे गेल्यावर सारण बदललं, आणि शंका सोबतच गेल्या. १३४९ मध्ये लिन जिंगयिन हा चिनी माणूस एका झेन भिक्षूबरोबर जपानला आला आणि नारा इथे राहिला. भिक्षूंना मांस वर्ज्य, म्हणून त्याने अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण भरलं. जपानी ‘मांजू’ ही त्याचीच वंशावळ. मांसाचा बाओ तिथे रुळायला विसावं शतक उजाडलं. टोकियोच्या नाकामुराया दुकानाने तो १९२७ मध्ये विकायला काढला. हे तेच नाकामुराया, जिथे १९१५ मध्ये क्रांतिकारक रासबिहारी बोस लपून राहिले आणि जिथल्या मालकांच्या मुलीशी त्यांचं पुढे लग्न झालं. बोसांची करीही त्याच १९२७ साली तिथल्या यादीत आली. ओसाका-कोबेकडे मात्र या बाओला ‘निकुमान’ म्हणायची सोय नाही. ‘निकु’ म्हणजे मांस, आणि तिकडे नुसतं मांस म्हटलं की गोमांस. आत डुक्कर आहे हे स्पष्ट सांगायला ‘बुतामान’ म्हणायचं.

कोरियात तेराव्या शतकातल्या एका गाण्यात बाई मांडूच्या, म्हणजे तिथल्या भरलेल्या पिठाच्या पदार्थाच्या, दुकानात जाते आणि तिथला परदेशी मुसलमान दुकानदार तिचा हात धरतो. या दुकानांची तिथली ही फार जुनी नोंद. इंडोनेशियात ‘बाकपाओ’तल्या ‘बाक’चा अर्थ डुकराचं मांस असाच, पण मुस्लिमबहुल देशात आत कोंबडी किंवा मुगाचं पुरण. नाव एक सांगतं, पोटात दुसरं. फिलिपिन्समध्ये ग्वांगडोंगहून १९१८ च्या सुमारास आलेल्या मा मोन लुकने खांद्यावर कावड घेऊन शेवयांचं सूप विकलं, पुढे दुकान थाटलं आणि ‘सिओपाओ’ घरोघरी पोचला. आणि सिओपाओत मांजराचं मांस असतं ही वावडीही तिथे पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे.

तैवानची गोष्ट पिठाची. १९४९ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या लाखो निर्वासितांत उत्तरेकडचे गहू खाणारे पुष्कळ होते, आणि भात खाणाऱ्या बेटावर अमेरिकी मदतीचा गहू येऊन पडत होता. मैद्याच्या रिकाम्या पोत्यांच्या चड्ड्या शिवत. पार्श्वभागावर हस्तांदोलनाचं चित्र आणि ‘चीन-अमेरिका सहकार्य’ ही अक्षरं. याच काळात शान्शीहून आलेल्या यांग बिंगयीने १९५८ मध्ये तेलाचं दुकान काढलं. ते चालेना, तेव्हा १९७२ मध्ये शाओलोंगबाओ करायला घेतले. दुकानाचं नाव डिन ताई फंग. ५ ग्रॅम पारी, १६ ग्रॅम सारण, अठरा चुण्या. आणि काचेपलीकडे सगळ्यांना दिसेल असं स्वयंपाकघर. १९९६ मध्ये टोकियो, मग जगभर. माझ्या मते या दुकानाचा सगळ्यात हुशार पदार्थ ती काच आहे.

अमेरिकेत चिनी खाणावळी वाढल्या त्याला कायद्याची एक फट कारण झाली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी होती, व्यापाऱ्यांना नव्हती. १९१५ मध्ये न्यायालयाने खाणावळीच्या मालकालाही व्यापारी मानलं आणि ती फट मोठी झाली. तरी बाओ बराच काळ चायनाटाउनपुरता राहिला. तो बाहेर पडला २००४ नंतर, न्यूयॉर्कच्या मोमोफुकु या रेस्टॉरंटमधल्या डुकराच्या मांसाच्या बनमुळे. त्याच्याच जातीचा तैवानी ‘ग्वा बाओ’ फूच्येनहून बेटावर आलेला: घडी घातलेली वाफवलेली पोळी, मधे पोटाचं मांस, आंबवलेला मोहरीचा पाला, शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर. तैवानमध्ये चांद्र वर्षाच्या शेवटच्या महिन्यात सोळाव्या दिवशी मालक कामगारांना जेवू घालतो, तेव्हा हा खास.

‘बाओ’ या चिनी शब्दाचा अर्थ गुंडाळणं, बंद करणं. ग्वा बाओ तर एका बाजूने सताड उघडा. तरीही लंडन-न्यूयॉर्कमध्ये आज ‘बाओ’ म्हटलं की पुढ्यात येतो तो हाच, सगळं सारण समोर दाखवणारा. आणि बीजिंगमध्ये बाओझी मागितला तर अजून तोच येतो, वरून चुण्या घालून घट्ट मिटलेला.