ऑर्केस्ट्रा आला म्हणजे निओक्लासिकल झालं नाही

मेटलमध्ये, म्हणजे जड गिटारींच्या रॉकमध्ये, चार व्हायोलिनं वाजली की कुणीतरी हमखास म्हणतं, "काय निओक्लासिकल आहे!" नाही हो. ते सिंफॉनिक मेटल. पाश्चात्य शास्त्रीय संगीत दोन्हींत आहे, पण वेगवेगळ्या जागी.

सिंफॉनिक तुमच्या ओळखीचंच: नाइटविश, थेरियन हे बँड, सोप्रानो म्हणजे बाईचा उंच आवाज, मागे कॉयर, म्हणजे समूहगान. 'वन्स' (२००४) या अल्बमसाठी नाइटविशनं लंडनमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा बसवला. मला तो अल्बम मनापासून आवडतो. पण तिथलं शास्त्रीयपण मुख्यतः वाद्यमेळात आहे आणि ते अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकार बाखपेक्षा सिनेमाच्या पार्श्वसंगीताला जवळचं आहे.

निओक्लासिकलमध्ये ते सुरावटीतच असतं. स्वीडिश गिटारवादक इंग्वे मालमस्टीनच्या 'रायझिंग फोर्स' या अल्बममध्ये (१९८४) ऑर्केस्ट्रा नाहीच. गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड, दोन गाण्यांत गायक, बस्स. तरीही बाख आणि व्हायोलिनवादक पागानिनी पानोपानी ऐकू येतात. कसे?

घरात पेटी असेल तर काढा. पांढरी एकला सा धरा. मंद्रातला शुद्ध नी, मग रे, शुद्ध म, कोमल ध असे चढा, तसेच उतरा आणि सा वर थांबा. प्रत्येक वेळी मधल्या दोन पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही मोजून) सोडून तिसरी वाजते. चारही सूर सारख्या अंतरावर, म्हणून कान अधांतरी राहतो आणि सा लागला की सुटतो. हा डिमिनिश्ड सेव्हंथ नावाचा कॉर्ड, म्हणजे एकत्र बसणाऱ्या सुरांचा गट. बाखच्या नावावरच्या डी मायनर टोकाटा या ऑर्गनच्या रचनेच्या सुरुवातीलाच तो एकेक सूर चढवत उभा केलेला आहे. मालमस्टीन तोच स्वीप पिकिंगनं, एका झटक्यात तारांवरून ओढतो. हे सूर ज्या हार्मोनिक मायनर सप्तकातले, त्याचे स्वर म्हणजे आपल्या किरवाणी रागाचेच स्वर. राग म्हणून चलन अर्थातच वेगळं.

दुसरी खूण पेडल पॉइंटची: एक सूर धरायचा, बाकीची सुरावट सरकत राहते आणि दर एका सुराआड हात त्याच धरलेल्या सुरावर परत येतो. बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीच्या रचनांत हे भरपूर सापडेल.

म्हणून माझी कसोटी एकच. बाकी सगळं काढून सुरावट एका साध्या गिटारवर वाजवा. बरोक, म्हणजे बाखच्या काळची शैली, शिल्लक राहिला तर निओक्लासिकल. मेटॅलिका या मेटल बँडनं १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर अल्बम केला, पण ऑर्केस्ट्रा बाजूला करा, खाली बहुतेक मूळचीच गाणी आहेत.

आणि कृपा करून वेगाला निओक्लासिकल म्हणू नका. ब्लूजचा पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांची मालिका, कितीही सुसाट वाजवला तरी ब्लूजच राहतो. डीप पर्पल या बँडच्या १९७२ च्या 'मशीन हेड'मध्ये, 'हायवे स्टार'च्या सोलोत गिटारवादक रिची ब्लॅकमोर बाखच्या धर्तीचे कॉर्ड घेतो, म्हणून तो सोलो या घराण्याचा पूर्वज. (नावही चुकीचंच पडलंय. निओक्लासिकल म्हणजे खरं तर १९२० च्या आसपासचा संगीतकार स्त्राविन्स्की. हे निओबरोक आहे.)

दोन्ही एकत्र करणारे सिंफनी एक्ससारखे बँड आहेत, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. मालमस्टीननं स्वतः चेक फिलहार्मोनिकबरोबर इलेक्ट्रिक गिटारसाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना, केला, तो १९९८ मध्ये आला. तिथेही गिटारचं बोलणं तेच आहे. मला मात्र १९८४ चाच अल्बम हवा. हेडफोन लावा आणि येन्स योहानसनचा कीबोर्ड गिटारला उत्तर देतो त्या जागा ऐका.